कंपनीचं टोपण

गुणवंतरावांचा नवा ट्रॅक्टर गावात येऊन चार महिने झाले, तरी सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. स्टिअरिंगवरचंही नाही आणि हेडलाइटवरचंही नाही. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी झाली, असा त्यांच्याकडचा हिशेब होता. ड्रायव्हर मुखरू त्या सीटवर बसून घामानं निथळायचा, पण मालकांची शान कोरडी ठणठणीत राहायची.

वरोऱ्याच्या बशीर मिस्त्रीला त्या प्लास्टिकचं काही नव्हतं. त्याचा जीव जळायचा तो ब्रेकपायी. वीस वर्षं त्यानं आसपासच्या गावांतल्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवले होते. ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडा, दांड्याला तार, तार मागे ट्रॉलीच्या चाकांपर्यंत. दिसायला ओबडधोबड, पण दांडा ओढला की ट्रॉली जागेवर थांबायची. गुणवंतरावांच्या जुन्या ट्रॅक्टरलाही त्याचाच दांडा होता. तो काढून नव्याला बसवायला बशीर गेला, तर गुणवंतराव आडवेच झाले.

"नव्या मडगार्डले भोक पाडून राह्यला का तू? अरे, याच्यात ट्रॉलीचा ब्रेक कंपनीतूनच येते. तुह्यावालं जुगाड लोकांच्या गाडीले लाव!"

"भाऊ, कंपनीनं ट्रॅक्टर देल्ला. ट्रॉली तं तुमची जुनीच हाय ना?"

"मले नोको शिकवू."

बशीरनं वाकून पाहिलं. ट्रॅक्टरच्या मागे, हुकाच्या बाजूला नळीचं एक तोंड होतं आणि त्यावर पिवळं टोपण. तिथून पाइप ट्रॉलीपर्यंत न्यायचा, ट्रॉलीला तेलाचा सिलिंडर बसवायचा, मग एका पेडलवर दोन्ही थांबणार. म्हणजे कंपनीनं अर्धा ब्रेक दिला होता आणि उरलेला अर्धा मालकानं बसवून घ्यायचा होता. पुस्तकात तसं लिहिलंही असणार. पण पुस्तकही प्लास्टिकच्या पिशवीत होतं, आणि ती पिशवी फोडायची कुणाची छाती होती?

हे सांगायला बशीरनं तोंड उघडलं, तेवढ्यात गुणवंतराव चार माणसांत पुन्हा "जुगाड" म्हणाले आणि हसले. बशीरनं तोंड मिटलं. भोगा म्हणावं आपल्या कर्माची फळं, असं मनात म्हणून तो घरी आला.

कापूस निघाला तसा मुखरू एका दुपारी गॅरेजवर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चाचा, नाल्याच्या उतारावर भरली ट्रॉली मांगून ढकलते. काल एका बैलगाडीले हातभर अंतरावर वाचवलं. मालकाले सांगतलं, तं म्हंते तुह्या पायात जोर नाई."

बशीरला स्वतःचीच लाज वाटली. अपमान त्याचा झाला होता आणि टांगणीला लागला होता मुखरूचा जीव, हे त्याला चार महिने सुचलंच नव्हतं.

गुणवंतराव भद्रावतीला लग्नाला गेले ते दोन दिवस दोघांनी साधले. माजरीच्या भंगारवाल्याकडून बशीरनं तेलाचा सिलिंडर आणला आणि ट्रॉलीच्या चाकांवरच्या आपल्याच जुन्या ब्रेकला जोडला. पिवळं टोपण काढून खिशात टाकलं, पाइप लावला. गुणवंतराव परत आले आणि त्यांना काहीच दिसलं नाही. ते ट्रॅक्टर नेहमी पुढूनच पाहायचे.

आठ दिवसांनी ते स्वतः मडगार्डवर बसून कापूस घेऊन निघाले. नाल्याच्या उतारावर समोरून एकदम एसटी आली. मुखरूनं पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, कापूस सगळं एकदम थांबलं. गुणवंतराव तेवढे दोन बोटं पुढे सरकले.

मग काय विचारता! जिनिंगवर, चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे तिथे गुणवंतरावांच्या तोंडी कंपनीच्या ब्रेकचं गुणगान सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ते दुसरी ट्रॉली घेऊन बशीरच्या दारात हजर.

"हिचं तुह्यावालं तार-बीर काढून टाक. आता दोन्ही ट्रॉल्या एकामांगं एक जोडतो. कंपनीचा ब्रेक हाय, कायले भ्यायचं?"

गॅरेजवर चहा पीत बसलेल्या तीन ड्रायव्हरांनी माना वर केल्या. बशीरनं खिशातून पिवळं टोपण काढलं आणि सगळं सांगितलं. ट्रॅक्टरकडचा अर्धा ब्रेक कंपनीचा, ट्रॉलीकडचा अर्धा त्याच जुगाडाचा. सांगून झाल्यावर तो वाट पाहत राहिला. माणूस निदान एकदा घाबरेल, असं त्याला वाटलं होतं.

गुणवंतराव टोपणाकडे पाहून ओरडले, "टोपण काढलं? अबे, वारंटी गेली ना!"

मुखरू सीटवरून उतरला. चार महिन्यांत "हो मालक" याखेरीज तो फारसा बोलला नव्हता. त्यानं चावी काढली आणि बशीरच्या टेबलावर ठेवली.

"मालक, ट्रॅक्टरची वारंटी गेली तं कंपनी दुसरी देईन. माही गेली तं माह्या लेकराईनं कोनाले मांगाची? या ट्रॉलीले ब्रेक लागल्याबिगर मी बसत नाई."

गुणवंतरावांनी त्या तीन ड्रायव्हरांकडे पाहिलं. तिघांनाही आपापल्या कपात काहीतरी फारच पाहण्यासारखं सापडलं होतं. गुणवंतराव तणतणत ट्रॅक्टरवर चढले आणि बसले. खाली प्लास्टिक करकरलं. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की चावी टेबलावर आहे, आणि आपल्याला ट्रॅक्टर चालवताच येत नाही.

गुणवंतराव खाली उतरले.

"किती दिवस लागन?" त्यांनी भिंतीकडे पाहत विचारलं.

"दोन," बशीर म्हणाला आणि पिवळं टोपण त्यांच्या हातावर ठेवलं. "हे जपून ठेवा, भाऊ. हे मात्र पुरं कंपनीचं हाय."