घरी येतो तो

जिन्यावरची पावलं खाली उतरत गेली, रस्त्यावरचा दरवाजा आपटला, तसे तिने ओले हात फडक्याला पुसले आणि फोन लावला. खिडकीतून तो दिसत होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, मान खाली. चालता चालताच त्याने खिशातून फोन काढून कानाला लावला. वर खिडकीकडे मात्र बघितलं नाही.

"बोला, दातवालीबाई."

"पोचलास थांब्यावर?"

"पोचतोय. आज पुन्हा दवाखान्याची लिफ्ट. म्हातारी दुसऱ्या मजल्यावर रुसून बसलीय."

ती हसली आणि पलंगावर मांडी घालून बसली. मग गप्पा अशा रंगल्या, की बस आली, तो चढला, उभ्याने गेला, उतरला, तरी विषय संपेनात. समोरच्या इमारतीतल्या बाईने गॅलरीत सात मोजे वाळत घातले होते आणि त्यात एकाचीही जोडी जमत नव्हती. एवढ्यावर दोघांनी दहा मिनिटं काढली.

त्याच्या अर्धाच तास आधी ही दोघं याच घरात, हातभर रुंदीच्या टेबलाशी समोरासमोर बसून नाश्ता करत होती. तेव्हा तो "मीठ" म्हणाला होता आणि तिने बरणी पुढे सरकवली होती. सबंध सकाळीत बोलणं म्हणाल तर तेवढंच.

सीमेपलीकडच्या आपल्या गावात ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत, ती त्यांत प्लास्टर ओतून साचा करी आणि मेणात एकेक दात बसवत जाई. तिच्या हाताला सफाई होती, त्यामुळे सीमेच्या या बाजूची कामंही तिच्याकडे येत. तीन वर्षांपूर्वी एक माणूस फोनवर तावातावाने विचारू लागला, की आईच्या हिरडीला तुमची कवळी टोचतेय, तुम्ही कामं करता की थट्टा? आवाजामागे कसली तरी घरघर ऐकू येत होती. तिने विचारलं, गिरणीतून बोलताय का? लिफ्टच्या टपावरून, तो घुश्शातच म्हणाला, आणि तिला हसू आवरेना. कवळी दोनदा परत आली, दोनदा घासून गेली. तिसरा फोन आला तो कवळी छान बसली एवढंच सांगायला. आई पुढे वर्षभरात गेली, पण फोन काही थांबले नाहीत.

मग त्यांची एक पद्धतच पडून गेली. कामाला बसलं की फोन लावायचा आणि दिवसभर चालूच ठेवायचा. तिचा प्लास्टरच्या वाडग्याशेजारी, त्याचा शर्टाच्या वरच्या खिशात. सतत बोललंच पाहिजे असं नव्हतं. त्याच्या पान्याचा आवाज तिला ओळखू येई, तिच्या घासायच्या यंत्राचा त्याला. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात आवाज तुटायचा, म्हणून तो आधी सांगायचा, "खड्ड्यात चाललोय," आणि ती म्हणायची, "ये जाऊन." तिच्या बरोबरीच्या मुली लग्नाचा पत्ता नसतानाच त्याला लिफ्टवाले भावोजी म्हणू लागल्या होत्या.

मध्ये दोनदा ती एकेका दिवसाच्या परवान्यावर येऊन गेली. सोबत दादा-वहिनी, त्याच्या बाजूने त्याची ताई. दोन्ही वेळा दोघांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढ्या माणसांत कोण बोलणार, अशी तिने मनाची समजूत घातली. परतताना सीमा ओलांडते न ओलांडते तोच फोन वाजला. वहिनी बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसते ती तुझी जाहिरात करायला का, असं त्याने विचारलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शेवटी लग्नाचा परवाना मिळाला. नव्वद दिवसांचा. तेवढ्या दिवसांत कचेरीत जाऊन लग्न नोंदवायचं, नाहीतर परत जायचं. आणि एकदा परत गेलं की पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. तिने नोकरी सोडली. तिचा बाक आठवडाभरात दुसऱ्या मुलीला मिळाला. वहिनी तिला कवटाळून रडली आणि त्याच दिवशी तिच्या खोलीत मुलांचं कपाट बसतंय का ते टेपने मोजून आली. मागे वळून बघण्यासारखं तिने काही ठेवलंच नव्हतं, आणि त्याचं तिला तेव्हा काही वाटलंही नाही.

लग्न होईपर्यंत आईची आतली खोली हिची, बाहेरची त्याची, असं ताईने ठरवून दिलं होतं. पहिला आठवडा लाजण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या मनात पाल चुकचुकली. समोर बसलेल्या माणसाला ग्रीसचा वास येई, त्याच्या कानावर बारीक केस होते, जेवताना तो ताटातून नजर वर काढत नसे. दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य संध्याकाळी ओठांवर आलं, की ते कुणा भलत्याच माणसाला सांगायला निघालोय असं तिला वाटे आणि ती ते गिळून टाके. तो "हं" म्हणे. तीही "हं" म्हणे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसावं तशी दोघं बसत. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. तिला वाचायला त्रास होतो हे बघून त्याने न सांगता पलंगापाशी दिवा बसवला, मोरीचा नळ बदलला. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकोणिसाव्या दिवशी जादा किल्ली कुठे ठेवलीय हे विचारायला तिने त्याला कामावर फोन लावला.

"बोला, दातवालीबाई," तो म्हणाला, आणि तिचे डोळे भरून आले. तो इथेच होता. एकोणीस दिवस नाही, तीन वर्षं जो होता तोच. किल्ली राहिली बाजूला, दुपार कशी गेली दोघांना कळलं नाही. संध्याकाळी तो घरी आला, पिशवी ठेवली, हात धुतले. दुपारच्या फोनबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही.

एकदा त्यांनी घरातल्या घरात फोन लावूनही बघितला. ती आतल्या खोलीत, तो बाहेर. पण भिंतीतून येणारा आवाज फोनमधल्या आवाजाच्या आधी पोचत होता, आणि भिंतीतून बोलणारा माणूस तोच, मीठ मागणारा. दोघांनी ओशाळून फोन ठेवले.

मग एक दिवस ती फोनवर म्हणाली, "काल एक माणूस घरी आला होता. जेवला, ताट धुतलं, झोपला. तुझ्या ओळखीचा आहे का?"

तो इतका हसला की पाना हातातून पडला. तोंडओळख आहे, म्हणाला; माझ्याकडेही एक बाई राहायला आलीय, मी लावलेले दिवे मालवत फिरते. तेव्हापासून "घरी येतो तो" आणि "ती बाई" हा रोजचाच विषय झाला. कागाळ्या सांगायला आणि ऐकून घ्यायला त्यांच्यासारखं जोडपं शोधून सापडलं नसतं. थट्टा म्हणून सुरू झालेलं हे थट्टेपुरतं उरेनासं कधी झालं, ते मात्र तिच्या लक्षात आलं नाही. एकदा तिने विचारलं, मी त्याला आवडत नाही का? आवडतेस, तो म्हणाला, पण तुझ्यासमोर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही.

ताई दर रविवारी येई. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि माणसाकडे बघून ताप ओळखण्याची तिला सवय होती. परवाच्या रविवारी तिने हिला स्वयंपाकघरात गाठलं.

"भांडलात का तुम्ही?"

"नाही हो ताई."

"मग भांडा तरी एकदा," ताई म्हणाली. "घरात पाहुणा आल्यासारखे वागता दोघं."

मोज्यांच्या गप्पा झाल्या तो मंगळवार परवान्याचा ब्याऐंशीवा दिवस होता. कचेरीतली वेळ पुढच्या सोमवारची मिळाली होती. बुधवार-गुरुवार तिने कसेबसे ढकलले. शुक्रवारी दुपारी तो दवाखान्याच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. मोटारीचा आवाज येत होता. ती अंग चोरून पलंगाच्या कडेला बसली होती.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"तुला कधी खोटं सांगितलंय?"

"सोमवारी त्याच्याशी लग्न करू का मी?"

मोटार थांबली. खाली कुणीतरी लिफ्टची घंटी वाजवत राहिलं होतं.

"नको करूस," तो म्हणाला.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माणूस वाईट नाही तो. पण त्याच्याबरोबर तुझं बोलणं बंद होईल. मी रोज बघतोय ना."

"आणि परत गेले तर?"

"तर आपण आहोतच की."

"पाच वर्षं?"

"आधीची तीन काय वाईट गेली?"

तेव्हा मात्र ती हमसून हमसून रडली. तो ऐकत राहिला. उगी म्हणाला नाही, फोनही ठेवला नाही. जन्मात कुणी तिच्याशी इतकं खरं बोललं नव्हतं, आणि जिच्यासाठी ती घरदार सोडून सीमा ओलांडून आली होती ती माया हीच, याबद्दल तिच्या मनात तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. नाक पुसून तिने विचारलं, की मग त्याला हे सांगणार कोण?

"खड्ड्यात चाललोय," तो म्हणाला आणि फोन तुटला. तो गच्चीवर आहे, खड्डा सहा मजले खाली आहे, हे तिला थोड्या वेळाने सुचलं.

तिने पलंगाखालून बॅग ओढून काढली, पुसली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. भरली नाही. संध्याकाळी तो आला. हात धुताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं; त्याने बॅग बघितली हे तिने बघितलं. दोघं जेवायला बसली. तो आता बोलेल, मग बोलेल, म्हणून तिचा घास तोंडातच फिरत होता. त्याचंही तेच चाललं असावं, कारण त्याने भाजी दोनदा वाढून घेतली आणि दोन्ही वेळा तशीच ठेवली.

"सोमवारी अकराची वेळ आहे," तो शेवटी म्हणाला. "कागद काढून ठेवलेस?"

तिने वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते. पण विचारत होता तो असा, की जणू दुपारचं त्याच्या कानावर कुणी घातलेलंच नाही. तिने मनातल्या मनात वाक्य जुळवून बघितलं: मला एकाने सांगितलंय, की तुझ्याशी लग्न करू नको. हे कुठल्या तोंडाने सांगायचं, आणि तो एक म्हणजे कोण म्हणून सांगायचं? समोरचा बिचारा दिलेला शब्द पाळायला बसला होता.

"ठेवलेत," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. ताटं धुऊन झाल्यावर तो आत गेला, रिकामी बॅग उचलली आणि कपाटावर नीट सरकवून ठेवली.

"खाली ओल असते," तो म्हणाला.

शनिवार-रविवार त्याला सुट्टी होती आणि ताई ठाण मांडून बसली होती, त्यामुळे फोनचा प्रश्नच आला नाही. सोमवारी अकराला तिघं कचेरीत गेली. कारकून वयस्कर होता, सावकाश लिहीत होता. किती दिवसांची ओळख, असं त्याने मान वर न करता विचारलं आणि दोघं एकदमच म्हणाली, "तीन वर्षं." कारकून हसला. त्याच्या वरच्या दातांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती चमकली. डावीकडचा सुळा किंचित आत वळवलेला, कुणाला खोटा वाटू नये म्हणून. ती तिच्याच हातची कवळी होती. तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो सही करत होता.

सह्या झाल्या, शिक्का बसला, ताईने दोघांच्या गालांवरून हात फिरवला आणि डोळे पुसत कामावर गेली. त्याने अर्ध्याच दिवसाची रजा घेतली होती. जाशील ना घरी, त्याने विचारलं. जाईन, ती म्हणाली. तो रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.

ती पायरीवरच होती. कारकुनाची कवळी तिच्या पोटात मावत नव्हती. तिनेच बनवलेल्या दातांनी तिला नवरा मिळवून दिला होता. हे ऐकून तो दिवसभर हसला असता, आठवडाभर त्याने तिला चिडवलं असतं. तिने फोन लावला. गाड्यांच्या मधून तिला दिसलं, की त्याने खिशातून फोन काढला. पडद्यावरचं नाव बघितलं. बस आली, दार उघडलं. बस गेली तेव्हा तो तिथेच होता, फोनकडे बघत. मग त्याने बोटाने घंटी बंद केली, फोन खिशात ठेवला आणि गाड्या बघत, जपून, रस्ता ओलांडून तिच्यापाशी आला.

"काय गं? काही राहिलं का?"

तिच्या कानाशी फोन तसाच होता.

"नाही," ती म्हणाली. "तुला एक सांगायचं होतं."

तो थांबला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, ओठ उघडले आणि मिटले.

"बरं," तो म्हणाला, "संध्याकाळी सांग मग," आणि समोर पुढची बस येतेय का ते बघत तिच्याशेजारी उभा राहिला.