चार मात्रा कमी

प्रभाकरपंत डोंबिवलीच्या वाचनालयाचे चिटणीस. कविता कानांनी ऐकायची असते हे त्यांना कधीच पटलं नाही; ती बोटांवर मोजायची असते. १९५१च्या हस्तलिखित अंकासाठी आलेल्या निम्म्या कविता त्यांनी मोजूनच मारल्या होत्या. आता पाळी होती वाचनालयाचा शिपाई सहदेव याची.

लढाईच्या काळात सहदेव ब्रह्मदेशात आचारी होता. शेजारी आफ्रिकेतल्या काळ्या शिपायांची पलटण. लढाई संपली आणि त्यांचं नावही कुणी काढेना, म्हणून त्यानं त्यांच्या रोजच्या हजेरीवर कविता रचली. ती अंकात यावी, एवढीच त्याची धडपड.

"'कॉफी'वर अर्धचंद्र दे," पंतांनी दुरुस्तीनंच सुरुवात केली. "आणि चहा घालू नकोस. मात्रा कमी पडेल."

"कॉफी नाय साहेब, कोफी. माणसाचं नाव आहे."

माणूसही चार मात्रांचाच निघाल्यामुळे पंतांनी त्याला उदार मनानं राहू दिलं.

"'हाजर' अकरा वेळा! ही पुनरुक्ती. आणि 'हाजर'चं यमक 'हाजर'शीच? हा शुद्ध आळस."

"हजेरीत दुसरं काय बोलणार, साहेब?"

पंत ऐकतात कुठले! त्यांना घबाड सापडलं होतं. 'कोफी? हाजर! क्वामे? हाजर!' ही ओळ प्रत्येक कडव्यात सोळा मात्रांची, आणि शेवटच्या कडव्यात 'कोफी?'पुढे चक्क कोरी जागा.

"चार मात्रा खाल्ल्यास! इथंही 'हाजर' घाल, चपखल बसतंय. नाहीतर कविता अंकात घेता येणार नाही."

सहदेवनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"पायात गोळी लागून मी पडलेलो, साहेब. कोफीनं मला पाठीवर टाकून आणलेलं. मग दुसऱ्याला आणायला परत गेला. सकाळी हजेरीत त्याचं नाव तीनदा पुकारलं. चार मात्रांनी तो आला असता, तर मी चार हजार घातल्या असत्या. नाय घेतलीत तरी चालेल, पण जागा कोरीच राहणार."

पंतांनी मोजायची बोटं मिटून घेतली. पण चिटणीस किती वेळ बोटं मिटून बसणार?

"मग तळटीप तरी दे. लोकांना वाटेल, नकलताना शब्द गळला."

सहदेवनं त्यांचीच पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'इथं हाक मारलेली आहे.'

तळटिपेला वृत्त नसतं, त्यामुळे पंतांना ती तशीच घ्यावी लागली.