आबांचा आवाज

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लोटूआबांची मेल्यावरही गेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी अमळनेरला त्यांची राख झाली, तरी सुरतेत, डिंडोलीच्या तिसऱ्या मजल्यावर, ते रोज सकाळी सात वाजता लेकीच्या घरी हजर.

येत ते जावयाच्या गळ्यातून. उज्ज्वलाचा नवरा गजेंद्र लूमवर रात्रपाळी करायचा. पंधरा वर्षं मागांच्या खटखटीत काढून कान गेलेले, म्हणून घरातही ओरडूनच बोले. "उज्ज्वला! पाणी दे!" एवढंच. पण तिची जीभ टाळूला चिकटायची. आधी आवाज चढतो, मग हात उठतो, हे आबांनी तिला लहानपणीच पाठ करून घेतलं होतं. गजेंद्रने कधी बोटही लावलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, तिच्या अंगाला नव्हतं.

त्याला मात्र एवढंच दिसे, की आपण दारात आलो की बायको भिंतीशी सरकते. होळीला तो म्हणाला, "तुले मन्हा इतला तिटकारा शे ना? आखाजी व्हयनी का मी नवागामले खोलीवर चालना जासू." तेही असं ओरडून, की खालच्या मजल्याला कळलं. त्याची पिशवी भरून खुंटीला लागली; आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, दीड महिन्यावर होती.

तिने समुपदेशनाला चला म्हटलं, तर "मी काय येडा शे?" मग ती एकटीच गेली, दर मंगळवारी, दवाखान्यातल्या श्वेताबेनकडे. नवऱ्याची गाऱ्हाणी घेऊन गेली आणि बापासाठी रडून आली. चौथ्या मंगळवारी श्वेताबेननी विचारलं, "नवरा ओरडतो तेव्हा तुम्ही कुठे बघता?"

"खाली."

"एकदा वर बघा. कोण उभं आहे ते बघा."

आखाजीच्या आदल्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. "उज्ज्वला!" आबाच. या वेळी तिने वर पाहिलं. भुवयांवर धाग्याचे तंतू, डोळे जागरणाने लाल, हातात डांगर, आखाजीचं खरबूज. पितरांच्या घागरीवर ठेवायचं. तिला भाऊ नव्हता, म्हणून आबांची घागर दरवर्षी गजेंद्रच भरायचा.

"माले तुमनी भीती नही वाटस," ती पुटपुटली. "आबानी वाटस. तुमना आवाज उना का माले आबाच दिखस."

"काय?" तो ओरडला.

तेव्हा जन्मात पहिल्यांदा उज्ज्वला ओरडली. तेच वाक्य, त्याच्या कानाशी.

गजेंद्र डांगर ठेवून खाली बसला. मग त्याचा हात उठला. तिने डोळे मिटू दिले नाहीत. हात त्याच्याच ओठांपाशी गेला, अंगठा कलला. लूमवर कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, तिथे चहा असाच विचारतात, आवाज न करता. तिने दोन बोटं वर केली. दोन कप.

दुसऱ्या दिवशी घागर दोघांनी भरली. डांगर तिने ठेवलं आणि हात जोडले.

"पाणी प्या, आबा," ती मोठ्याने म्हणाली, "अन् आते जा."

खुंटीवरची पिशवी गजेंद्रने काढली आणि कपडे परत कपाटात ठेवले.