मिस्त्रींचा नसलेला पाय

मिस्त्री विहिरीत होते आणि मिस्त्रीण काठावर उभी राहून त्यांच्याशी भांडत होती. भांडायला विहिरीसारखी जागा नाही. खालचा माणूस उठून जाऊ शकत नाही आणि वरच्याचा आवाज फुकटात दुप्पट होतो. त्यात यंदाच्या उन्हानं जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आणि विहिरींचं पाणी पार तळाला गेलेलं. पंप खाली सरकवायला मिस्त्रींना रोज कुणाच्या ना कुणाच्या विहिरीत उतरावं लागायचं, त्यामुळे भांडणाला जागेची ददात नव्हती.

"तीन महिने झाले," मिस्त्रीण खाली वाकून म्हणाली, "तुमच्या अपंग पेन्शनचा एक रुपया जमा नाही. आत्ताच पासबुक भरून आणलंय."

"दहाचा पाना सोड," खालून आवाज आला.

तिनं पाना बादलीत टाकून दोर सोडला. "पाना घ्या, पण ऐका. पेन्शन नाही, आणि त्या जागी भलतेच पैसे आलेत. बँकेतल्या बाईनं दोनदा वाचून दाखवलं. प्रसूती अनुदान."

खालची खटखट थांबली. "कुणाची प्रसूती?"

"तुमची. खातं तुमचं आहे."

विहिरीतून असं हसू वर आलं की शेजारच्या रानात खुरपणारी बाई खुरपं टाकून बघायला आली. मिस्त्रिणीला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं पाय होता.

मिस्त्रींचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मळणीयंत्रानं तो घेतला होता. त्या जागी जो नकली पाय होता तो आता घोट्याशी चिरला होता, त्याला तारेचे आठ वेढे होते आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. रोज संध्याकाळी तो पाय काढला की वरचं कातडं सोललेलं निघायचं. मिस्त्री शिट्टी वाजवत तेल लावायचे आणि मिस्त्रीण तोंड फिरवून कंदील पुसत बसायची, वीज असली तरी. नव्या पायाचं माप देऊन झालं होतं. पाय बनवणाऱ्यानं तीन हप्ते सांगितले होते, त्यातला एकच भरला होता. बाकीचे दोन पेन्शनमधून जायचे होते. महिना संपायच्या आत पैसे आले नाहीत तर साचा मोडून टाकीन, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. पंपाच्या कामाचे पैसे गाव देत नव्हतं असं नाही, पण पीक आल्यावर द्यायचं, आणि पीक रानात उभ्या उभ्या वाळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पेन्शनच्या कचेरीत गेली. कारकुनानं फायलींच्या ढिगातून एक फाईल ओढली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर कोपर ठेवलं.

"तुमचे मिस्टर बरे झालेत," तो म्हणाला.

"पाय उगवला का काय?"

"पाहणी अहवालात तसंच आहे, बाई. हे ऐका. व्यक्ती घरी आढळली नाही, विहिरीत उतरली होती. आता तुम्हीच सांगा, पाय नसलेला माणूस विहिरीत उतरतो?"

"उतरतो की. वर पण येतो."

कारकुनानं पुढं वाचलं. दूधवाल्याचा जबाब होता, मिस्त्रींना काय धाड भरलीय, परवाच खांबावर चढून माझी वायर जोडली. मिस्त्रींच्या आत्यानं सांगितलं होतं, आमच्या घराण्यात कुणी आजारी पडत नाही. शिंपिणीचं म्हणणं होतं की मिस्त्री बसलेले तिनं कधी पाहिलेच नाहीत. आणि शेवटी होतं, दोन पायांच्या चार गड्यांना एकटे भारी आहेत. खाली सही.

सही मिस्त्रिणीची होती.

तिला तो माणूस आठवला. खांद्याला पिशवी, डोक्याला टोपी. पलीकडच्या गावचा कुणी पंप दुरुस्तीला मिस्त्री शोधत आलाय, असंच सगळ्यांना वाटलं होतं. मग काय, परक्यापुढं आपल्या माणसाचं उणं कोण काढणार? प्रत्येकानं हातचं न राखता कौतुक केलं होतं. मिस्त्रिणीनं तर नऊ वर्षं त्यासाठीच जीभ परजून ठेवली होती. नवऱ्याला लंगडा म्हणणाऱ्या दोघांशी तिनं अबोला धरला होता आणि तिसऱ्याच्या अंगावर पाण्याची कळशी ओतली होती. त्या माणसानं सही मागितली तेव्हा तिनं हौसेनं केली होती.

"मंगळवारी साहेब स्वतः फेरतपासणीला येतील," कारकून म्हणाला. "ते प्रसूतीचंही तेव्हाच बघतील."

घरी येऊन तिनं नवऱ्याला मंगळवारचं सांगितलं, सहीचं सांगितलं नाही. मग शेजाऱ्यांना ओट्यावर गोळा केलं.

"या वेळी कौतुक करायचं नाही," तिनं बजावलं.

"मग काय करायचं, वहिनी?" दूधवाल्यानं विचारलं.

"नावं ठेवायची."

"तेवढं जमेल," दूधवाला म्हणाला.

मंगळवारी सकाळीच तिनं मिस्त्रींना ओट्यावरच्या बाजेवर झोपवलं, गळ्यापर्यंत पांघरूण घातलं आणि नकली पाय बाजेखाली सरकवला. मिस्त्री कुरकुरले. "अगं, उकडून जीव जाईल माझा."

"गेला तर आणखी चांगलं दिसेल. गप पडून राहा."

साहेब आले ते घामाघूम. आपली गाडी स्वतःच चालवत आले होते आणि वाटेत ती दोनदा बंद पडली होती. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी दोन फॉर्म काढले आणि वरचा हातात घेतला.

"बाळ कुठं आहे?"

"कुठलं बाळ?" आत्यानं विचारलं.

"याच पत्त्यावर प्रसूती झाली आहे. वजन नोंदवायचं आहे."

आत्यानं सुनेकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला? हिच्या नातवाला दाढी येईल दोन वर्षांत." पांघरुणाखाली काहीतरी गदगदलं. मिस्त्रिणीनं बाजेला गुडघा दिला आणि साहेबांना म्हणाली, "उचकी लागते त्यांना. तेही एक दुखणंच आहे."

साहेबांनी पहिल्या फॉर्मवर 'बाळ आढळले नाही' असं लिहिलं आणि दुसरा काढला. आधी त्यांनी जुना अहवाल मोठ्यानं वाचला, कारण तसा नियम होता. चार गड्यांना भारी, हे वाक्य आलं, त्याखालचं नावही आलं, आणि मिस्त्रिणीनं जमिनीकडं पाहिलं. पांघरूण एकदम शांत झालं होतं.

"यात खरं काय?" साहेबांनी विचारलं.

"यातलं काहीच नाही," दूधवाला पुढं झाला. "पाय तर नाहीच, पण हातांतही जोर नाही. वाटी धरवत नाही."

"दिसतही नाही," शिंपीण म्हणाली. "परवा मला सासूबाई म्हणाले."

"ऐकू तर लहानपणापासून येत नाही," आत्या म्हणाली. घराण्याची अब्रू तिनं एका वाक्यात खाली उतरवली. "बुद्धीही बेताची."

"कवडीच्या कामाचा माणूस नाही, साहेब," दूधवाला रंगात आला. "नुसता भार झालाय वहिनींना."

साहेबांनी मिस्त्रिणीकडं पाहिलं. "खरं आहे हे?"

तिनं हो म्हणून मान हलवली. आयुष्यात इतकं जड काही तिनं उचललं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म मिटला. "हात, डोळे, कान, बुद्धी. मग हे माझ्या हातात राहिलं नाही. नुसता पाय नसता तर मी इथंच सही केली असती. आता डॉक्टरांच्या मंडळापुढं न्या. सात-आठ महिने लागतील."

दूधवाल्यानं आपली वाटी मागं घ्यायचा प्रयत्न केला, म्हणाला की लहान वाटी धरवते, पण साहेब उठले होते. ते गाडीत जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, घरघरलं आणि थंड पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला पांघरुणातून मिस्त्री म्हणाले, "हवा धरलीय."

"गप पडा," मिस्त्रीण पुटपुटली.

"अगं, डिझेलच्या नळीत हवा शिरतेय. असाच मारत राहिला तर बॅटरी उतरवेल तो."

चौथ्यांदा इंजिन कण्हलं आणि मिस्त्री उठले. त्यांनी बाजेखालून पाय ओढला, पट्टे आवळले, कोनाड्यातला पाना घेतला आणि बायकोच्या अंगावरून चालत सरळ गाडीपाशी गेले. मिस्त्रिणीनं कपाळावर हात मारला आणि मागोमाग गेली.

"खाली उतरा," मिस्त्री साहेबांना म्हणाले आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. अर्धे गेले आणि अडकले. घोट्याची तार कशाला तरी अटकली होती. आत थोडी झटापट झाली, मग हात बाहेर आला. "हे धरा जरा. आणि तोंडाजवळ धरू नका, ग्रीस आहे."

साहेबांनी धरलं. मिस्त्री खालून सांगत होते, "नळीचा जोड ढिला आहे. कुणी बसवला हा? त्याला आधी मंडळापुढं न्या." साहेब हो हो करत होते. मग त्यांचं लक्ष हातातल्या वस्तूकडं गेलं. तिला बूट होता.

"हे काय आहे?"

"पाय," मिस्त्री म्हणाले. "आता किल्ली फिरवा."

साहेबांनी पाय काखेत मारला आणि किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. मिस्त्री बाहेर आले, गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि फडक्याला हात पुसू लागले. अर्धी विजार रिकामी होती आणि गुडघ्याखाली बांधलेल्या कापडावर ताजं रक्त होतं. साहेबांनी ते पाहिलं. मग तार पाहिली, एक एक वेढा बोटानं मोजल्यासारखी.

"तुम्ही झोपूनच राहिला असता तर पुढं जास्त पेन्शन मिळाली असती," ते म्हणाले.

"मिळाली असती. पण ऐकवत नव्हतं हो."

"इंजिन?"

"इंजिनही," मिस्त्री म्हणाले आणि बायकोकडं बघितलं. "साहेब, पाय नाही. तेवढंच लिहा. बाकी सगळं आहे."

मिस्त्रिणीनं पदर तोंडाला लावला आणि ओट्यावरच्या तिघांसमोर, साहेबांसमोर, चालू इंजिनाच्या आवाजात मोकळेपणी रडली. आत्यानं लगेच जाहीर केलं की पोराला ऐकू अगदी उत्तम येतं. साहेबांनी बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "डावा पाय नाही. हातात घेऊन खात्री केली." सहीशेजारी ग्रीसचा अंगठा उमटला तो तसाच वर गेला.

थकलेले पैसे महिना संपायला दोन दिवस असताना आले. प्रसूतीचे परत गेले. ते मात्र कचेरीनं चुकून दोनदा कापले, त्याचा अर्ज अजून चालू आहे. पण हप्ते भरता आले आणि पाय आला.

नवा पाय घालून मिस्त्री पहिल्यांदा कामाला निघाले तेव्हा मिस्त्रीण हत्यारांची पिशवी घेऊन मागून चालली होती. नऊ वर्षं प्रत्येक पावलाला त्यांच्या तोंडून जो बारीक कण्हण्याचा आवाज निघायचा, तो आज निघत नव्हता. ती तेवढंच ऐकत राहिली, विहिरीपर्यंत चकार शब्द न बोलता. याची मिस्त्रींना बिलकूल सवय नव्हती. त्यांनी दोनदा थांबून, मागं वळून विचारलं, "बरं नाही का गं तुला?"