चव बघितली, खाल्लं नाही

"पोट रिकामं आहे ना?" नर्सने पुन्हा विचारलं.

"आहे की. रात्रीपासून ताटाला शिवले नाही," ती म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत.

ती कारखान्याच्या कँटीनची मुख्य आचारीण. आज सुट्टी मागितली असती तर 'कशाला' म्हणून विचारलं असतं, आणि ते सांगायची तिची छाती नव्हती. म्हणून पहाटे जाऊन सकाळच्या पाळीचं रांधून आली. भात शिजला का म्हणून दाताखाली धरून पाहिला. रस्सा पळीने तळहातावर घेऊन चाटला, अळणी लागला, मीठ टाकून परत चाटला. आचाऱ्यांच्या जमातीत याला खाणं म्हणत नाहीत. खाणं म्हणजे ताट घेऊन बसणं. हे काम झालं.

नवरा बाहेर बाकावर होता. त्याला सांगितलं होतं ॲसिडिटी. दुर्बीण घालून तपासणार, गुंगी देणार, सोबत माणूस लागतो. खरं कारण त्याला सांगायचं म्हणजे दोष त्याच्याच पदरात घालायचा. तो बस डेपोत मेकॅनिक. गेल्या महिन्यात ती डबा द्यायला गेली तर हा चारचौघांत ओरडला, "सरका रे, आमची टाकी आली!" सगळे हसले. तीही हसली. टाकी म्हटल्याचं तिला एवढं लागलं नाही. आपण हसलो, त्याची लाज पोटात जाऊन बसली.

मग तिने चौकातली ती पाटी वाचली. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. पोटात बोटॉक्सचं इंजेक्शन.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही शंका?" ती टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाली, "नाही." शंका ढीगभर होत्या. पण एकेक बाहेर काढायची तर आधी 'मी जाड आहे' हे तोंडातून काढावं लागतं. लाजलेला माणूस गप्प बसतो आणि मान हलवतो. डॉक्टर लोकांना हे चांगलं ठाऊक असतं. असा पेशंट त्यांना लाडका, वेळ वाचतो.

तिला गुंगी दिली.

जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा दुखत होता. पडद्याआडच्या खाटेवर ती होती, उशाशी नवरा आणि पायथ्याशी डॉक्टर, तापलेले.

"बाई, पोटात भात होता तुमच्या! दुर्बीण तशीच बाहेर काढावी लागली. गुंगीत उलटी झाली असती आणि छातीत उतरली असती तर? बोटॉक्स दिलेलं नाही."

"बोटॉक्स?" नवरा म्हणाला. "ते नट्या तोंडाला टोचून घेतात ते? हिच्या पोटाला काय सुरकुत्या पडल्यात?"

"वजनासाठी," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं नाही तुम्हाला?"

पडद्यापलीकडे दोन बाया बोलत होत्या. त्या गप्प झाल्या. तिला वाटलं, गुंगीच परत यावी.

"मी खाल्लं नव्हतं," ती पुटपुटली. "नुसती चव बघितली."

"अगं, चव काय खिशात जाते का?" नवरा.

"किती बघता चव? रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

ती बोलायला लागली. डाळ एक पळी. नाही, वाटीभर होत असेल. भात दोनदा. भाजी फोडणीला, मग उतरवताना. दुसऱ्या पाळीला परत तेच. खीर असली तर... ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळं एका जागी मांडलं होतं, आणि ते भरलेलं ताट होतं. घरी दोन पोळ्यांवर उठून ती सगळ्यांना सांगायची, मी काही खातच नाही, हवेने फुगते.

"म्हणजे टाकी..." नवऱ्याच्या तोंडून निघालं, आणि अर्ध्यातच त्याने जीभ चावली.

"बोला ना," ती म्हणाली. "डेपोत सांगा जाऊन. त्या शब्दापायीच इथे आडवी पडलेय मी."

तो फरशीकडे बघू लागला. "मी लाडाने म्हणायचो गं."

"लाड घरात करायचे असतात."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या आठवड्यात या. खरोखर उपाशी."

तिने परत मान हलवली असती तर सुटली असती. कान तापले होते, पलीकडच्या बाया श्वाससुद्धा हळू घेत होत्या.

"थांबा, डॉक्टर. ते इंजेक्शन करतं काय?"

"पोटाचे स्नायू काही काळ ढिले पडतात. अन्न जास्त वेळ राहतं, भूक कमी लागते."

"किती काळ?"

"काही महिने."

"आणि मग?"

"असर उतरतो. खाण्याची सवय बदलली नसेल तर वजन परत येतं." त्यांनी हातातली फाइल मिटली. "काहींचं मुळात उतरतच नाही. सगळ्यांना लागू पडतं असं अभ्यासांतही दिसलेलं नाही."

"हे पाटीवर नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत," नवरा एकदम म्हणाला. मग तिच्या खांद्याला हात लावून, "चल, घरी जाऊ."

तिने हात बाजूला केला. चेहरा भट्टीपुढे उभं राहिल्यासारखा पेटला होता.

"जाऊ," ती म्हणाली. "आधी विचारून घेऊ द्या. डॉक्टर, माझं वजन नुसतं 'जास्त आहे' म्हणू नका, नीट आकडा सांगा. मोठ्याने सांगा."