सासऱ्यांचं डावं पाऊल

आमच्या छापखान्यासमोर त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती, की दूधवाल्याला दारापर्यंत पोचता येईना. शेवटी तो रस्त्यातूनच ओरडला, "वहिनी, दूध हवं असेल तर बाहेर या! मी आत यायचा नाही, आत भूत आहे!"

मी काही बाहेर गेले नाही. भूत दाखवायचं काम माझ्याकडे होतं ना!

आत दोरीवर ताजे छापलेले कागद वाळत घातले होते. प्रत्येक कागदावर काळ्याभोर ओळी, आणि डाव्या बाजूला त्या ओळींमधून वर चढत गेलेली पांढरी पावलं. टाच, तळवा, बोटं, सगळं कसं रेखीव. एक पाऊल तळाशी, एक मध्ये, एक वर. जणू कुणी अक्षरं तुडवत पानाच्या माथ्यापर्यंत चालत गेलंय.

"आमचे मामंजी आहेत," मी लोकांना सांगत होते. "मागच्या वर्षी गेले. आता शाईवर रागावून परत आलेत."

समोरचा शिंपी जरा चौकस. तो म्हणाला, "पण वहिनी, पाऊल तर माझ्या अंगठ्याएवढं आहे. तुमचे सासरे दाराच्या चौकटीला डोकं आपटायचे."

"मेल्यावर माणूस आटतो," मी म्हटलं.

लोकांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. माझं हे असंच आहे बघा. गोष्ट मीच रचते, आणि ती तोंडाबाहेर पडली की पहिली फसते ती मीच.

मामंजी शाईवर का रागावतील, ते सांगते. त्यांच्या काळात खिळ्यांना, म्हणजे त्या शिशाच्या उलट्या अक्षरांना, शाई लावायची ती चामड्याच्या गोळ्यांनी. आत लोकर कोंबलेले, लाकडी मुठीचे दोन गोळे. ते शाईत बुडवायचे, एकमेकांवर घासायचे आणि मग खिळ्यांवर थापत सुटायचं. थाप जोरात बसली तर अक्षर बरबटायचं, हलकी बसली तर अक्षर उपाशी राहायचं. चामडं मऊ राहावं म्हणून ते गोळे रात्रभर कशात भिजवायचे, ते मी सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचं असेल. एवढंच सांगते, की मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा आधी घराचा वास आला, मग घर दिसलं.

मामंजी गेल्यावर आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. सरस आणि काकवी एकत्र शिजवली, माझ्याच पातेल्यात, मला न विचारता. तो रस पितळी नळीत ओतून लाकडी दांड्याभोवती थिजवला. झाला रूळ! गालासारखा मऊ, कुठे सांधा नाही. लोखंडी पट्ट्यांवरून ढकलला की शाईच्या पाटीवरून निघायचा, सगळ्या खिळ्यांवर सारखी शाई लावायचा आणि त्याच वाटेने परत यायचा. पान असं उठायचं, की दोन ओळींत डावं-उजवं करता येऊ नये.

तो रस उकळत असताना मी बोट बुडवून चाखला होता. चव वाईट नव्हती. फक्त माझे ओठ जे चिकटले ते दिवेलागणीपर्यंत उघडेनात. लग्नानंतरचा सर्वांत शांत दिवस तोच, असं आमचे हे म्हणायचे.

आणि मग ही पावलं उमटली. ह्यांनी खिळे धुतले, कागद बदलला, यंत्राचा एकेक स्क्रू काढून पुसला. पावलं जाईनात. सगळं तपासलं, फक्त रूळ तपासला नाही. स्वतः घडवलेल्या वस्तूत खोट असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. शिवाय रूळ आतबाहेर शाईने काळा कुळकुळीत, त्यात दिसणार तरी काय?

सासूबाई मात्र पहिला कागद बघूनच खाली बसल्या. "हे त्यांचंच पाऊल," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा घास उतरेना. नवरा मेल्यावरही वणवण करतोय, आणि तीही आपल्या मुलाच्या हट्टापायी, हे त्यांना सोसेना. आता खरं तर सुनेने त्यांना धीर द्यायचा. सुनेने काय केलं? न्हाव्याच्या बायकोला सांगितलं, की मामंजी चालायच्या आधी खाकरतात, मी स्वतः ऐकलंय.

मग मौनीबाबा आले.

नाव मौनीबाबा, पण त्यांचं तोंड मी कधी मिटलेलं पाहिलं नाही. अंगावर भगवी शाल, मागे चार चेले. आल्या आल्या त्यांनी रुळाकडे बोट केलं. "रूळ फिरतो, म्हणून आत्मा फिरतो! गोळा बसतो, म्हणून आत्मा बसतो! हे शास्त्र आहे!"

"वा!" गर्दी म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले, मान गरगर फिरवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आत्मा आधी खाकरतो... मग चालतो!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबांना कसं कळलं! हे तर फक्त मला आणि मामंजींना ठाऊक होतं! म्हणजे बघा, ते खाकरणं मीच रचलेलं, आणि हात जोडून उभी राहिलेलीही मीच. इतकं पक्कं गिऱ्हाईक बाबांना दुसरीकडे मिळालं नसतं.

बाबांनी माळ्यावरचे जुने गोळे उतरवायला लावले. "आता यांनी शाई लावा." ह्यांनी नाइलाजाने गोळे थापले, कागद घातला, यंत्राचा दांडा ओढला. कागद उचलला तर काय, शाई इथे दाट, तिथे फिकी, पण पाऊल एकही नाही! मग पुन्हा रुळाने शाई लावली, आणि पावलं हजर.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"माते," बाबा म्हणाले, "रूळ जाळून टाका. आणि हे यंत्र रविवारी आमच्या मठात पोचवा. तिथे आमची पवित्र पुस्तकं छापू, म्हणजे आत्मा निवेल."

छापखाना सासूबाईंच्या नावावर. त्या "हो" म्हणाल्या.  आमचे हे फडक्याने शाईची पाटी पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंत्र गेल्यावर मी काय करू गं?" तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. त्यांचं भूमितीचं पुस्तक आमच्याकडे छपाईला होतं. छापलेली पानं बघून त्या उखडल्याच. "मला मुलांना वर्तुळ शिकवायचंय! हे पाय कुणी घातले त्यात?"

"मामंजींनी," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि कागद नाकाशी धरला. "सगळी पावलं डावीच आहेत. तुमचे सासरे काय लंगडी घालत वर चालले होते?"

"उजवा गुडघा धरला होता त्यांचा," मी लगेच म्हटलं.

"गुडघा राहू द्या. दोरा आणा."

मी शिवणाचा दोरा दिला. बाईंनी तो एका पावलाच्या टाचेपासून पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंत ताणला आणि तेवढाच तोडला. मग रुळाभोवती गुंडाळला. टोकाला टोक असं चिकटलं, की मध्ये केससुद्धा मावेना.

"परीघ," बाई म्हणाल्या. "रुळाची एक फेरी, एक पाऊल. दुसरी फेरी, दुसरं पाऊल. पुस्तकात चौथ्या धड्यात आहे, छापताना वाचलं असतंत तर बरं झालं असतं." मग त्यांनी रुळावरून हळूच बोट फिरवलं आणि एका टोकाजवळ थांबल्या. "इथे हात लावा."

ह्यांनी बोट ठेवलं. एक लांबट खड्डा, आणि त्याच्या वर बारीक बारीक टोचे. ह्यांचा चेहरा पडला, मग उजळला. "उंदीर! काकवीला आला आणि कुरतडून गेला! खड्डा खिळ्यांना टेकतच नाही, तिथे शाई लागत नाही, म्हणून कागद पांढरा राहतो!"

एवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "उंदराचं असेल नाहीतर कुणाचं," त्या म्हणाल्या, "पण ते चालायच्या आधी खाकरायचे, हे बाबांना कसं कळलं? तुमच्या दोऱ्याने सांगितलं?" आणि आत निघून गेल्या.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे. मग न्हाव्याच्या बायकोची हकिगत सांगावीच लागली. बाबांचे चेले रोज न्हाव्याकडेच दाढी कुरवाळत बसलेले असायचे.

"पण नुसतं कबूल करून भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "सगळेच म्हातारे खाकरतात. काहीतरी असं सांगा, जे धडधडीत खोटं आहे. बघू, आत्मा तेही सांगतो का. जमेल ना तुम्हाला खोटं बोलायला?"

आमचे हे कितीतरी दिवसांनी हसले. एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

मी त्याच संध्याकाळी न्हाव्याच्या बायकोकडे गेले. "कुणाला सांगू नकोस हं," म्हटलं, म्हणजे गावभर व्हायची खात्री. आणि मामंजींबद्दल एक नाजूक गोष्ट तिच्या कानात घातली.

रविवारी दारात गाडी उभी. बाबा, चेले, झाडून सगळी गल्ली. सासूबाई यंत्राशेजारी स्टुलावर बसलेल्या, गणिताच्या बाई भिंतीला टेकून. बाबांनी डोळे मिटले, मान फिरवली.

"आत्मा आलाय... आत्मा हसतोय... म्हणतो, काय ते दिवस होते! दार लावून घ्यायचो, बायकोचा हात धरायचो आणि दोघं खोलीभर नाचायचो!"

सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले.

"कुणाबरोबर नाचायचे?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याबरोबर, माते."

"माझ्याबरोबर?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "त्यांनी माझा हात धरला तो लग्नात. नंतर एकदा पायरीवरून घसरले तेव्हा! नाचले असतील तर दुसरीबरोबर नाचले असतील. आणि तसं असेल ना, तर फिरू दे त्यांना असंच, मला नाही द्यायची शांती!"

शिंपी खो खो हसत सुटला आणि त्याच्या मागे अख्खी गल्ली.

"आत्म्याला प्रश्न विचारतेस?" बाबा कडाडले. "भस्म होशील!"

"भस्म व्हायच्या आधी एक कागद छापून बघू," गणिताच्या बाई पुढे आल्या. त्यांनी ह्यांना रूळ काढायला सांगितला आणि टोकं उलटी करून परत बसवायला लावला. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. ह्यांनी शाई फिरवली, दांडा ओढला, कागद उचलला.

पावलं आता पानाच्या उजव्या बाजूला होती. आणि बोटं खाली.

"अरे, वहिनींचे मामंजी उतरायला लागले!" शिंपी ओरडला.

बाईंनी सासूबाईंचं बोट धरून रुळावरच्या खड्ड्यात टेकवलं. गोळ्यांनी शाई लावली तेव्हा पावलं का गेली, तेही सांगितलं. गोळ्यांना उंदीर लागलेला नव्हता, त्या वासाला उंदीरही जवळ आला नसता. आणि ते खाकरणं, ते नाचणं मीच रचून न्हाव्याच्या बायकोला सांगितलेलं, हे मी कबूल केलं. सासूबाईंनी ते बोट कितीतरी वेळ तसंच ठेवलं. मागे बाबा आणि चेले कधी पसार झाले ते कुणी पाहिलंही नाही. रिकामी गाडी तेवढी दारात राहिली.

"म्हणजे ते इथे नाहीत," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"नाहीत, आई," हे म्हणाले.

"रागावलेले पण नाहीत."

"नाहीत."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग शाईने काळं झालेलं बोट माझ्याच पदराला पुसलं आणि मुलाला म्हणाल्या, "नवा रूळ आजच ओत. बाईंची पानं खराब झालीत, पुन्हा छापायला हवीत. आणि सूनबाई, मला वाढ काहीतरी. भूक लागलीय."

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. यंत्र जागच्या जागी राहिलं, आणि आमचे हे पुढे म्हातारे होईपर्यंत त्याच्यावर काम करत राहिले.

तर सांगायचं ते एवढंच. उंदराने रूळ कुरतडला, यात चमत्कार नाही. बाबांच्या चेल्यांनी न्हाव्याकडे बसून गल्लीच्या गप्पा ऐकल्या, यातही नाही. आम्ही घाबरलेलो होतो आणि कुणी काही विचारलं नाही, म्हणून उंदराचा देव होत होता आणि एका घराचं पोट बाबांच्या गाडीत चढत होतं. तेव्हा कुणीही कितीही डोळे मिटून सांगो, तुम्ही उघडे ठेवा. मोजून बघा, उलटं करून बघा, आणि सरळ विचारा. मलासुद्धा विचारा, की आजी, हे तू खरंच पाहिलंस की आत्ताच रचलंस? बाबांसारखी मी कडाडणार नाही. फार तर जरा लाजेन, आणि खरं काय ते सांगेन.