वाकडं बोलणारं खेळणं

माझ्या नवऱ्याचं नाव बाल्ताबाय. या वयात मी ते बिनदिक्कत घेते. ज्यांच्यासमोर घ्यायला भ्यायचं, ते सगळे मातीआड गेले. आमच्या सुनेला मात्र ती मुभा नाही. आमच्या भाषेत बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, म्हणून या घरात आल्यापासून बेगायिम कुऱ्हाडीला कुऱ्हाड म्हणत नाही. "आपा, ते लाकडं फोडायचं कुठे ठेवलंय?" असं मला विचारते. शेजारणी हसतात. हसू देत, मला तिचं ते वळण आवडतं.

तर हा बाल्ताबाय नऊ खड्यांच्या डावात, म्हणजे पटावरच्या खळग्यांतून खडे फिरवायच्या खेळात, अख्ख्या अत-बाशी गावाला भारी. चालीपेक्षा त्याच्या जिभेलाच लोक जास्त टरकायचे. समोरच्याने खडे उचलायच्या आत त्याचा असा पाणउतारा करायचा की बिचारा चाल विसरायचा. मग गेल्या थंडीत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालता ठेवा, बोलतं ठेवा. त्याचा जुना जोडीदार सोरोनबाय पट घेऊन आला आणि मुद्दाम हरला. आमच्या माणसाला ते कळणार नाही होय? त्याने डाव्या हाताने सगळा पट उधळून दिला. तेव्हापासून खेळ बंद, बोलणंही बंद. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला वाटायचं, हा असाच भिंतीकडे बघत जाणार आणि मी चहा ओतत बसणार.

माझा मुलगा एर्मेक ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असतो. त्याचं व्हिडिओ गेम खेळायचं छोटं यंत्र घरी पडलेलं, साबणाच्या वडीएवढं. एका दुपारी बेगायिम ते आणि आपला कॉलेजातला लॅपटॉप घेऊन बसली.

"पीठ मळायचं सोडून हे काय?" मी म्हटलं.

"मळून झाकून ठेवलंय, आपा. यात नऊ खड्यांचा डाव चढवतेय."

"ट्रकात मेंढ्या चढवतात तसा?"

"तसाच. फक्त मेंढ्या जरा तरी ऐकतात."

यंत्रातून नखाएवढं कार्ड काढलं, लॅपटॉपात घातलं, काहीतरी उतरवलं, पुन्हा यंत्रात बसवलं. पडदा काळाच. फाईल भलत्याच कप्प्यात पडली होती म्हणे. मग जमलं. सगळी बटणंसुद्धा तिने डाव्या अंगठ्याखाली आणून ठेवली.

सासऱ्यासमोर ती कामाशिवाय कधी जात नाही, म्हणून यंत्र मीच नेऊन दिलं. त्याने थोडा वेळ अंगठा चालवला आणि ते उशीखाली सारलं.

"मुकं आहे," तो म्हणाला.

कित्येक आठवड्यांनी तोंडातून शब्द निघाला, तोही तक्रारीचा! मी धावत जाऊन बेगायिमला सांगितलं. ती विचारात पडली.

"ज्याने हा खेळ बनवला, त्याने आतलं सगळं उघडं ठेवलंय, आपा. कुणीही बदलावं."

"मग दे की त्याला जीभ."

दोन-तीन दिवसांनी तिने खेळ नव्याने चढवून दिला. मी चहा करत होते. मागून त्याचा पडद्यावरचं अडखळत वाचल्याचा आवाज आला, "म्हा... म्हातारबा, चाल खेळताय की कोंबड्यांना दाणे टाकताय?" आणि लगेच, "थांब गाढवा, दा... दाखवतो तुला!"

मग रोजचंच झालं. यंत्र टोमणा मारायचं, हा उलटून शिव्या द्यायचा. यंत्र त्याला हरवायचंही, अगदी दयामाया न ठेवता. त्याची जीभ सुटायला लागली. बेगायिम अधूनमधून माझ्याकरवी यंत्र मागून न्यायची आणि आणखी बोचरं बोलणं भरून आणायची. मी विचारलं, हे सगळं आणतेस कुठून? "मिळतं कुठेतरी," ती खाली मान घालून म्हणाली. मी भोळी, विश्वास ठेवला.

एका संध्याकाळी तो सपाटून हरला आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचू लागला. "हरलात, बोळक्या उंटा! आता ते लाकडं फोडायचं घ्या आणि सरपण तरी तोडा."

तो थांबला. पुन्हा वाचलं. माझ्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. साऱ्या जगात कुऱ्हाडीला असं म्हणणारी एकच बाई आहे, आणि ती नान घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पार उतरला. सासऱ्याला बोळका उंट! माझ्या काळी याच्या निम्म्यावर मला माहेरी धाडलं असतं.

"सूनबाई," तो म्हणाला. "पट आण."

तिने लाकडी पट आणला, खळग्यांत खडे भरले.

"बस समोर."

"अतके, मी कशी..." बापाला हाक मारावी तशी ती म्हणाली.

"यंत्रामागे लपून जी... जीभ चालते. आता तोंडाने चालव."

डोईचा रुमाल पुढे ओढून ती टेकली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने एका खळग्यातले खडे उचलले. निम्मे वाटेतच पडले. मी पुढे झाले, तर त्याने असं बघितलं की मी जागेवरच बसले. एकेक वेचून त्याने चाल पुरी केली. मग पटावरची नजर न काढता बेगायिम अगदी हळू म्हणाली, "ही चाल होती, की हातातून सांडलं?"

आणि तो हसला. वाकड्या तोंडाने, लाळ गळेपर्यंत, खोकला येईपर्यंत हसला. मी रडले. लपवायचं काय त्यात?

तो डाव म्हातारा हरला. बेगायिमने एक खडासुद्धा सोडला नाही.